वीज झेललेला टोप

मी विमानाच्या नाकावरचा एक जुना टोप आहे. मित्रांनो, माझ्यामागे रडार बसायचं आणि माझ्यातून पलीकडचे ढग बघायचं. धातूतून त्याला दिसत नाही, म्हणून मी धातूचा नव्हे, काचतंतूंचा. पाठीवर मात्र धातूच्या बारीक पट्ट्या होत्या. वीज आली, की ती त्यांवरून विमानाच्या धातूच्या अंगात जाते आणि शेपटीकडून बाहेर पडते. आतल्या माणसांना धक्का लागत नाही.

गेल्या वर्षी वर्ध्यावरून नागपूरला उतरताना ती आली. डोळे दिपवणारा लखलखाट, मोठा आवाज, आणि संपलं. विमान नीट उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आपण जिंकलो.

मग वर्षाली आली. अल्लीपूरची मुलगी, विमानं तपासणारी इंजिनियर. नाण्याने मला ठोकत गेली. टणटण वाजत होतं, आणि एका जागी नुसतंच थप्प. तिने विमानाचं पुढचं उड्डाण थांबवलं.

मी गोंधळलो. मला तर कुठेच दुखत नव्हतं.

तोवर पुण्याला जाणारे प्रवासी शिडीपाशी आले होते. त्यांत आष्टीच्या शकुबाई होत्या. लेक पुण्यात बाळंतपणासाठी दवाखान्यात होती.

"विमान तं साजरं दिसून राह्यलं. मंग काऊन थांबवलं, बाई?"

"मावशी, वरून साजरं हाये. आतून मले भरोसा नाई."

"माही पोरगी तिकडे एकटी हाये वं." शकुबाई तिच्यावर भडकल्या.

वर्षालीचा चेहरा उतरला. "म्हणूनच तं, मावशी. तुम्ही धड पोचल्या पायजे."

मला उतरवलं. बाहेर भोक मोहरीएवढं, आतले थर मात्र ताटाएवढे सुटलेले, ओल धरलेले. पुढच्या ढगांत रडार आंधळं झालं असतं. शकुबाई दुसऱ्या विमानाने गेल्या. पोचल्या तेव्हा नात आधीच जन्मली होती.

आता मी सावंगीजवळच्या एका कॉलेजात टेबलावर असतो. मुलं विचारतात, यानेच सगळ्यांना वाचवलं का? मी वीज झेलली, हे खरं. तसाच उडालो असतो तर घात झाला असता, हेही खरं.

मागच्या महिन्यात वर्षाली शकुबाईंना घेऊन आली. त्यांनी माझ्या भोकावर बोट ठेवलं, मग आत हात घालून चाचपलं.

"त्या दिवशी तुले लय बोलली म्या," वर्षालीकडे वळून त्या म्हणाल्या. "नातीचं नाव दामिनी ठेवलं."

वर्षालीने मान फिरवून डोळे पुसले.

मित्रांनो, तुमची गाडी कुणी तपासायला थांबवली, तर थोडं थांबा. तुम्ही धड पोचावं, म्हणूनच तो थांबवतो.