उजव्या मनगटावरचं घड्याळ

चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. मागे-पुढे चालणारं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हाती कधी दिलं नाही, याचा मला ताठा होता. दुकान बंद केल्यावर बासष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी दटावलं, "काका, साखर वाढलीय, हातपाय हलवा." चालायला म्हणून गेलो आणि महिन्याभरात धावायला लागलो. म्हातारपणी कसली ही थेरं, असं शेजारी म्हणत असतील. म्हणोत बापडे. नदीकाठाने पाच किलोमीटर पळून आलो की मी स्वतःवरच खूश असायचो.

मुलगी दूर राहते. तिने आम्हा दोघांना एकेक घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं, नाडीचे ठोके टिपणारं. आकडे तिला तिच्या फोनवर दिसायचे. पहिला आठवडा ही माझ्याबरोबर आली. मी पुढे, ही मागे. मग एक दिवस म्हणाली, "अहो, माझे गुडघे नाही म्हणतात. पण लेक रोज ओरडेल. तुम्ही पळताच आहात, तर माझंही घड्याळ चढवा की हातात."

मी हसत हसत ते उजव्या मनगटावर बांधलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. हिच्यासाठी थांबत पळायचं म्हणजे माझी सगळी मजा जायची.

चार महिने मी दोन्ही हातांत घड्याळं घालून पळालो. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, तू तर बाबांच्या बरोबरीने पळतेस!" ही म्हणायची, "मग? कमी समजू नकोस मला." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची.

एकदा जिना चढताना ही मधेच पायरीवर बसली. डॉक्टरांकडे नेलं. मुलीने हिचे चार महिन्यांचे आकडे त्यांना आधीच पाठवले होते. त्यांनी छातीला नळी लावली न लावली आणि संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं. "काकू, रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या बाईच्या हृदयाला काय धाड भरलीय? पित्त असेल."

पडद्यावरचे ठोके माझे होते. मी तिथेच बसलो होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून. हिने टेबलाखालून माझा हात दाबला म्हणून गप्प राहिलो, असं मी मागाहून स्वतःला समजावत होतो. ते खोटं आहे. डॉक्टरांसमोर उघडं पडायची मला लाज वाटली, एवढंच.

तीन आठवडे पित्ताच्या गोळ्या झाल्या. मंगळवारी कपडे वाळत घालता घालता ही भिंतीला टेकली. ओठ निळे पडले होते. गाडी करून तिला दवाखान्यात आणलं आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आतच बोललो, "ते ठोके माझे आहेत. हिचं घड्याळ मी घालत होतो."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नर्सला हाक मारली. संध्याकाळपर्यंत कळलं, हिच्या हृदयाची एक झडप निकामी होत आलीय. परवा ऑपरेशन. आधी आला असतात तर धोका कमी होता, म्हणाले.

मुलगी निघालीय. तिला फोनवर सगळं सांगितलं.

आज दुपारी मी हिच्या खाटेशी बसलो. म्हटलं, "गुडघे दुखतात म्हणालीस, तर कुठे, किती, एवढंही मी विचारलं नाही तुला."

"गुडघ्यांना काही झालं नव्हतं हो," ही म्हणाली. "धाप लागायची. दुसऱ्या दिवसापासूनच. दोनदा हाक मारली मी तुम्हाला. तुम्ही लांब गेला होतात."

"अगं, मग घरी येऊन सांगायचंस ना!"

"किती खुशीत होतात तुम्ही. सांगितलं असतं तर माझ्यासाठी धावणं सोडून बसला असतात."

एवढा विश्वास होता तिचा माझ्यावर. मी खरंच सोडलं असतं का, याचा शोध मी दुपारपासून घेतोय, आणि मला हो म्हणता येत नाहीये.