गुलाबी केलेला लेथ

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. फिरत्या लोखंडाला धारदार हत्याराने गोल आकार देणं हे माझं काम. सध्या मी गुलाबी आहे आणि त्याची मला शिसारी येते.

माझा जन्म ओतशाळेतला. तरुणपणी मी कारखान्यात पंपांचे दांडे घडवले. तिथला कारागीर रोज मला पुसून तेल घालायचा आणि तोंडभरून कौतुक करायचा. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये येऊन पडलो. तिथल्या मुलांनी माझ्या अंगावर नावं कोरली, पण निदान मला चालवलं तरी.

यंदा सुट्टीत शाळकरी मुलींसाठी शिबिर भरलं. मुलींनी इंजिनिअरिंगकडे वळावं, हा हेतू. हेतूला मी नावं ठेवत नाही. पण करड्या यंत्रांना मुली घाबरतात, असा शोध शिबिराच्या समितीने लावला आणि रंगाऱ्याने मला नखशिखांत गुलाबी करून टाकलं. हत्यार ज्या पट्ट्यांवरून सरकतं त्या पट्ट्या रंगवल्या, तेलाची भोकंही बुजवली. एवढं करून मुलींना मला हात लावायची बंदीच! आठवडाभर त्या बिचाऱ्या तयार की-चेनवर चमकी चिकटवत बसल्या. मला तोंड असतं तर मी थुंकलो असतो.

त्यांच्यात एक चष्मेवाली होती. स्वतः घडवलेली एक तरी वस्तू आणून दाखव, नाहीतर इंजिनिअरिंगचं खूळ सोड, असं तिच्या बाबांनी बजावलं होतं. शेवटच्या दिवशी बाबा न्यायला आले, तेव्हा तिच्या हातात फक्त चमकी होती.

पालकांना प्रात्यक्षिक दाखवायला वर्कशॉपच्या मास्तरांनी मला सुरू केलं. रंगात चिकटलेलं हत्यार जागचं हलेना. मास्तर वैतागून म्हणाले, "कुठल्यातरी मुलीने हात लावला असणार."

चष्मेवाली पुढे झाली. "सर, कुणीच लावला नाही. पट्टीवर रंग आहे बघा. आणि तेलाचं भोक कुठंय?"

मास्तरांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला बंद केलं. मग दोघांनी मिळून पितळी पट्टीने रंग खरवडला, भोकं मोकळी केली, तेल घातलं. मास्तर बाजूला सरले. "केस नीट बांध आणि चालव. मी इथेच उभा आहे."

तिने मला सुरू केलं आणि हत्यार सरकवायचं चाक फिरवलं. लोखंडाचा लांब कीस निघाला. कितीतरी वर्षांनी मला जिवंत वाटलं.

तयार झालेला छोटा दांडा तिने फडक्यात धरून बाबांपुढे केला. त्यांनी तो उघड्या हाताने उचलला आणि लगेच या हातातून त्या हातात झेलू लागले.

"अगं, केवढा गरम आहे हा."

"आत्ताच केलाय ना, बाबा."

बाबांनी तो खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीच्या बाई खरवडलेली जागा पुन्हा रंगवायला रंगाऱ्याला घेऊन आल्या. मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी असेल तर त्यांना अडवा. आम्हाला तेल घाला आणि मुलींना चालवू द्या.