झाकलेलं गाणं, थकलेला टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे. किती जुना, तर माझं बटण दाबून तुम्ही चहा टाकायला गेलात तर चहा आधी होतो आणि चित्र मागून येतं. पाठीत लाल धूळ भरली आहे. डाव्या कोपऱ्यात एक हिरवट डाग पडलाय, तो कुठलाही कार्यक्रम लावला तरी जात नाही. मित्रांनो, मी थकलोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच अडखळलो तर रागावणार नाही तुम्ही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. भराभर चालणारे हात आठवतात, नंतर खोक्यातला अंधार आणि मग अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या वाळवंटातल्या शहरातलं दुकान. तिथून डल्सी मावशींनी मला फूटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, अंतिम सामन्याच्या आठवड्यात घरी आणलं. काय दिवस होते ते! सामना लागला की अख्खी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत. पोरं जमिनीवर, म्हातारे खुर्च्यांवर, बाहेर अंगणात निखाऱ्यांत कांगारूची शेपटी भाजतेय. गोल झाला की कुणीतरी येऊन मलाच मिठी मारायचं. तेव्हा वाटायचं, आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि माना खाली गेल्या. माझ्यावर एक विणलेला रुमाल आला, रुमालावर प्लास्टिकची फुलं. महिनोन्‌महिने मला कुणी चालू केलं नाही. वाईट वाटायचं हो. टाकून द्यायचं तर सरळ टाका, फुलं कसली ठेवता?

अशातच मावशींचे धाकटे भाऊ घरी राहायला आले. त्यांचं नाव मी घेणार नाही. आमच्याकडे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांत, गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचा फोटो समोर ठेवत नाहीत, त्याचा आवाज ऐकवत नाहीत. घरचे ‘आता चालेल’ म्हणेपर्यंत नाही, मग ते वर्षाने म्हणोत की दहा वर्षांनी. मीही त्याच घरचा आहे. म्हणून मी त्यांना नुसतं मामा म्हणतो.

मामांची मूत्रपिंडं कामातून गेली होती. रक्त धुणारं यंत्र शहरात, म्हणून त्यांनाही शहरात राहणं भाग पडलं. त्यांची आई पॅन्सी आजी मात्र आपल्या जमिनीवर, मातीच्या रस्त्याने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मामांची नातवंडं दूर उत्तरेला, डार्विन शहरात. मामा गिटार घेऊन आपल्या भाषेत गायचे. त्यांच्या गाण्यांत त्यांच्या मुलखातल्या खडकांची नावं होती, पाणवठ्यांची होती. ती गाणी पुरती येणारं त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

“मी इथे, आई तिथे, पोरं डार्विनला,” मामा म्हणायचे. “मला कापा आणि तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे झालं!”

कापायची काही गरज नाही, असं त्यांची भाची शर्लीन म्हणाली. ती डार्विनला कॉम्प्युटरचं शिकून आली होती. घरचे सगळे फोटो, गाणी, व्हिडिओ आमच्याकडच्या एका काळ्या डब्यात, म्हणजे साठवणीच्या कॉम्प्युटरमध्ये, ठेवायचे आणि घरच्या माणसाला कुठूनही, कुठल्याही पडद्यावर ते दिसतील असं एक अ‍ॅप बनवायचं तिच्या डोक्यात होतं. तिच्या मदतीला मावशींचा मुलगा डॅमियन. तो गावात फोन दुरुस्त करायचा.

आता घरातले पडदे बघा. डार्विनच्या पोरांचे चकचकीत फोन, मावशींचा काच तडकलेला फोन, आजींचा टॅबलेट, आणि मी, नेटला जोडता येणाऱ्या टीव्हींतला अगदी पहिल्या पिढीचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. सगळ्यांवर चालेल असं अ‍ॅप बनवायला हत्यार कोणतं घ्यायचं, यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर जी जुंपली, ती थांबेचना.

“तयार साचा आहे,” डॅमियन म्हणाला. “एकदा लिहायचं, सगळीकडे चालतं. वर फुकट.”

“तू फुकट म्हटलंस की मला धडकी भरते,” शर्लीन म्हणाली. “मागे फुकट आणलेली गाडी अजून अंगणात उभी आहे तुझी.”

“चालेल ती. फक्त इंजिन नाहीये तिला.”

शर्लीनला ब्राउझरमध्ये उघडणारं साधं पान हवं होतं. सगळं काळ्या डब्यात राहील, पडद्याने फक्त विचारायचं आणि डब्याने दाखवायचं. पडद्याकडे स्वतःचं काही उरणार नाही. डॅमियनने हात झटकले. “आणि आजीचं नेटवर्क? तिकडे ढग आला तरी जातं ते. तिच्याकडे चित्रं साठवूनच ठेवायला हवीत. साचा ते आपोआप करतो. पडदा रिकामा असला की आठवणीही दाखवतो, एकामागून एक.”

त्याचं खोटं नव्हतं. आणि तिचंही. म्हणून दोन्ही बनवून बघायचं ठरलं, आणि बघायचं कुणावर? माझ्यावर! “या म्हाताऱ्यावर चाललं तर कुठेही चालेल,” असं म्हणून रोज मला नवं काहीतरी खाऊ घालायचे. आज साचा घाल, उद्या काढ, परवा साधं पान घाल, पुन्हा काढ. बंद करा, चालू करा. माझं डोकं तापायचं, चित्र गोठायचं, आणि डॅमियन माझ्या पाठीवर थाप मारायचा. रुमाल-फुलांपेक्षा बरंच होतं म्हणा. पण जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

शेवटी मामाच म्हणाले, “काय घ्यायचं ते घ्या बाबांनो, फक्त मी आहे तोवर घ्या.” आणि ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही. मामांचं अंग आठवड्यागणिक उतरत होतं. साचा लवकर होणार होता, म्हणून साचा घेतला.

त्या वेळी डल्सी मावशींनी विचारलं होतं, “आणि कुणी गेलं तर?”

शर्लीनला काय ते सांगावं लागलं नाही. तीही याच घरात वाढलेली. “झाकायचं बटण करणार ना, मावशी. आधी गाणं तर दिसू दे.”

गाणं दिसलं. माझ्यावर, पोरांच्या फोनवर आणि तिकडे आजींच्या टॅबलेटवर, एकदमच! फोनवरून आजींचा आवाज आला, “अगं, हा तर वाळलाय! जेवायला घालता की नाही त्याला?” खोलीत हशा पिकला. मामा मान खाली घालून गिटारची तार पिळत बसले, डोळे दाखवायचे नव्हते म्हणून. त्या दिवशी मला माझ्या हिरव्या डागाचीसुद्धा लाज वाटली नाही.

झाकायचं बटणही शर्लीनने नंतर केलं. पण तोवर साचा बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली होती आणि जुन्या पडद्यांना त्यातून वगळलं होतं. फोनांनी नवी आवृत्ती घेतली. मला आणि आजींच्या टॅबलेटला ती घेताच आली नाही. आम्ही दोघं जुनंच घेऊन बसलो, आणि झाकायचा निरोप जुन्याला कळत नव्हता. कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण आम्ही चालत होतो. चालणाऱ्याकडे कोण बघतं, मित्रांनो?

मामा गेले. मावशींनी रडता रडता पहिलं काम केलं, फोनवरचं बटण दाबलं. फोनवरून मामा गेले, डार्विनच्या पोरांच्या फोनवरूनही गेले. दुखवट्याला माणसं यायला लागली होती. शेजारच्या, मामांचंच नाव असलेल्या माणसाला तेवढ्यात सगळे दुसऱ्या नावाने हाक मारू लागले होते. आणि मी? मी रिकामा होतो. रिकामा पडदा आठवणी दाखवतो. माझ्यावर मामा आले, गिटार मांडीवर घेऊन.

मावशींनी धावत येऊन माझी वायरच उपटली. मग त्या एकदम थबकल्या. “शर्लीन, आईचा टॅबलेट!”

शर्लीनने फोनवर फोन लावले. तिकडे नेटवर्क नव्हतं. तिकडच्या पडद्याला त्याची गरजही नव्हती, गाणं तिथेच साठवलेलं होतं.

निरोप घेऊन गेलेल्या गाडीतून आजी दुसऱ्या दिवशी आल्या त्या अंगणातल्या झाडाखालीच बसल्या. घरात पाऊल टाकेनात. शर्लीन त्यांच्यासमोर जाऊन मातीत बसली. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

“आजी, ओरड माझ्यावर.”

“ओरडून काय करू?” आजी म्हणाल्या. “मी चहा ओतत होते. मागून त्याचं गाणं आलं. मला वाटलं, बरा होऊन आला.”

शर्लीन मातीत बोटाने रेघा ओढत राहिली. मग आजी म्हणाल्या, “ज्या घरात तसली काच आहे, त्या घरात मी यायची नाही.”

मी भिंतीकडे तोंड करून, वायर सुटलेला उभा होतो. माझी चूक की साच्याची, आजींना त्याचं काय? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुखवट्यातच डॅमियन म्हणाला, “पुसून टाकू सगळं. डब्यातूनसुद्धा. प्रश्नच मिटला.”

“पुसणं आणि झाकणं एकच का रे?” शर्लीन उसळली. “पुसलं की ती गाणी गेली. पोरांना कोण शिकवणार मग, तू?”

“मला दोनच ओळी येतात,” डॅमियन खाली बघत म्हणाला.

अखेर हा निवाडा आजींचा. मुलगा त्यांचा, गाणी त्यांच्या मुलखाची. त्यांनी मावशींकरवी निरोप पाठवला: पोरीला विचार, पडद्याला गप्प बसवता येतं का. सगळ्या पडद्यांना, एकदम. येत असेल तर राहू दे गाणी. नसेल तर पुसा, आणि पुन्हा माझ्यापाशी विषय काढू नका.

शर्लीनने साचा फेकून दिला. महिन्यांची मेहनत, एका दुपारी कचऱ्यात. ती पुन्हा साध्या पानाकडे वळली. या वेळी तिने फोनांपासून सुरुवात केली नाही. मला भिंतीकडून वळवलं, धूळ पुसली आणि म्हणाली, “चल रे म्हाताऱ्या, पहिला तू. तुला कळलं तर सगळ्यांना कळेल.” पुन्हा घाल आणि काढ! माझी हाडं खिळखिळी झाली होती, तरी मी कुरकुरलो नाही. बरं, फार नाही कुरकुरलो.

डॅमियन कुणाची तरी गाडी मागून आजींच्या मुलखात गेला आणि टॅबलेटमधलं साठवलेलं सगळं स्वतःच्या हाताने काढून आला. आता कुठलाही पडदा स्वतःपाशी काही ठेवत नव्हता. दर वेळी डब्याला विचारायचं, दाखवू का? डबा हो म्हणाला तर दाखवायचं. उत्तर नाही आलं तर ते ‘नाही’च धरायचं. डार्विनहून पोरांनी बोंब मारली, किती हळू चालतंय हे! शर्लीनने ठणकावलं, “काही दिसलं नाही तर कुणी मरत नाही. नको ते दिसायला नको.”

मामांना घेऊन तपासणी करता येणार नव्हती. म्हणून स्नॅगला घेतलं. स्नॅग म्हणजे आमचा कुत्रा, ठणठणीत जिवंत. त्याचा फोटो झाक, उघड, पुन्हा झाक. तो बिचारा पडद्यावर स्वतःला बघून भुंकायचा आणि पडदा काळा झाला की माझ्या मागे जाऊन स्वतःला शोधायचा.

थंडी सरल्यावर पॅन्सी आजी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. माझ्यावर स्नॅग होता, टेबलावर मावशींचा फोन, शेजारी डॅमियनने आत आणून ठेवलेला आजींचा टॅबलेट, सगळीकडे तोच. शर्लीनने आजींच्या हातात रिमोट दिला. “तूच दाब, आजी.”

आजींनी दाबलं. मी डब्याला विचारलं, डबा नाही म्हणाला, मी काळा झालो. फोन काळा झाला, टॅबलेटही. आजी दारातून आत आल्या आणि एकेका पडद्याला जवळ जाऊन बघितलं. पुन्हा दाबलं, स्नॅग आला. त्यांनी परत झाकला. किती तरी वेळ त्या तेच करत होत्या. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. आता गोठलो तर? एकदा जरी चुकलो तर गाणी पुसणार.

मी गोठलो नाही.

“आजी,” शर्लीनने हळूच विचारलं, “मामांचं उघडू?”

“नाही.”

“मग कधी?”

“मी सांगेन तेव्हा.” आजींनी खुर्ची ओढली आणि बरोबर माझ्यासमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बसल्या. माझ्या काळ्या काचेकडे बघत म्हणाल्या, “डल्सी, चहा टाक गं.” त्यांनी चहा तिथेच बसून प्यायला, अगदी सावकाश. मागून गाणं येईल म्हणून एकदाही वळून बघितलं नाही.

मित्रांनो, दुकानात जाल, नवं हत्यार निवडाल, तेव्हा ते काय काय दाखवतं हे सगळे विचारतातच. तुम्ही एवढंही विचारा, गप्प बस म्हटलं की ते बसतं का? आणि नवं घेताना घरातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात थकलेल्या पडद्याला वगळू नका. घर त्याच्यासमोरही बसलेलं असतं.

डॅमियन परवा म्हणत होता, आता नवा टीव्ही घेऊ, याचं काही खरं नाही. त्याचंही चूक नाही. माझे दिवे एकेक करून विझताहेत. पण रोज सकाळी मला चालू केलं की मी डब्याला विचारतो, मामांचं गाणं दाखवू का? डबा नाही म्हणतो. मी गप्प बसतो. मला अजून थोडे दिवस राहू द्या, अधूनमधून पाठीतली धूळ तेवढी झटका. आजी अजून हो म्हणालेल्या नाहीत.