हणमंतरावांच्या मांडीतला चपराशी

मित्रांनो, मी एक जुना राजदूत आहे. माझ्या एका इशाऱ्यावर राज्याचे दरवाजे उघडतात आणि प्रजेच्या तोंडी घास पडतो. राज्य म्हणजे हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या हणमंतरावांची उजवी मांडी. तिच्यातल्या एका पेशीच्या बाहेर बसणारे मी प्रथिन. शहाणे लोक मला ग्राही म्हणतात; खरे तर चपराशीच. आमच्यातला एक झिजला की त्याच जागी दुसरा बसतो, म्हणून सगळे मिळून आम्ही 'मी'.

काम सोपे. जेवण झाले की रक्तातून इन्सुलिन नावाचा जासूद येऊन मला बिलगतो. मी आत घंटी वाजवतो. दारे उघडतात, साखर आत जाते, मांडी चालते. वर्षानुवर्षे मी हे इमानाने केले. श्रेय देवाला मिळाले.

मग छप्पन्न साल आले. हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि कचेरीतले मराठी कारकून एकेक करून मुंबई राज्यात निघाले. हणमंतराव इथेच राहिले. जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पंगत होई, आणि खुबानीचा मीठा हे जर्दाळूचे पक्वान्न नाकारणे म्हणजे जाणाऱ्याचा अपमान. हणमंतरावांनी कुणाचाही अपमान केला नाही. उलट दोनदोनदा मान राखला. पोट सुटले, कचेरीला रिक्षा सुरू झाली. जासुदांची अशी रीघ लागली की माझे कान किटले. घंटी वाजेना. साखर रक्तातच ताटकळली.

तहान भागेना. मोरीत मुंग्या आल्या. फायलीतली अक्षरे पुसट झाली. डॉक्टर म्हणाले, "गोड बंद, रोज चाला. नाहीतर डोळे जातील."

शेवटची पंगत बालमित्र मधुकररावांची. कटोरी पुढे आली. हणमंतरावांनी हात आडवा धरला.

"क्या मियाँ, मी गाव सोडतोय आणि तू तोंड फिरवतोस?"

"भावजी," हणमंतरावांच्या सावित्रीबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुमचं तोंड यांना दिसायला नको का?"

मधुकररावांनी कटोरी मागे ओढली. "मग तुला देऊ तरी काय?"

"ती वळकटी दे. नामपल्ली स्टेशनापर्यंत चालत येतो."

मित्रांनो, चालत्या मांडीची दारे माझ्या घंटीवाचूनही उघडतात. चपराशाने हे सांगू नये, पण खरे आहे. पुढे जाणारे कुणी उरले नाही, तरी हणमंतराव रोज स्टेशनापर्यंत चालतच राहिले. हळूहळू मलाही ऐकू येऊ लागले.

दसऱ्याला मधुकरराव आले. गाडी पुरती थांबलीही नव्हती, तोच हणमंतरावांनी त्यांना लांबूनच ओळखले. त्यांच्या हातातला मिठाईचा डबाही ओळखला.

मित्रांनो, मला पुतळा नको, पेन्शन नको. तो डबा तेवढा कुणीतरी सावित्रीबाईंकडे द्या.