व्हर्नाआजीची गोधडी

तापल्या दगडांची वाफ देऊन माणसं बरी करणारी कॅनडातल्या क्री आदिवासींची झोपडी विनिपेग शहरात चालवायला अखेर सरकारी पैसा मंजूर झाला. मंजुरीचं पत्र घेऊन सरकारी खात्याचे हॅल्वर्सनसाहेब स्वतः आले, तशी झोपडी सांभाळणाऱ्या व्हर्नाआजीने चांदणीच्या नक्षीची गोधडी पुढे केली. ज्याचा मान होतो त्यानेच दुसऱ्यांना भेट द्यायची, ही क्रींची रीत.

साहेब मागे सरकले. “आजी, भेट घेतली तर नोकरी जाईल माझी. नियम आहे!”

“मेल्या, थंडीने काकडतोयस आणि नियम सांगतोस?” आजीने गोधडी त्यांच्याभोवती गुंडाळलीच. “ही भेट नाही, औषध आहे. यालाच पैसे दिलेस ना? मग लागू पडतं का ते तपासून जा.”

झोपडीत जमलेली मंडळी खदखदून हसली. साहेब अंधार पडेपर्यंत तपासत बसले.