घार आणि खवीस

भागीदारासोबत बनवलेला आपला ऑनलाइन गेम बाजारातल्या त्या बड्या गेमपेक्षा काकणभर सरसच आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सरस असून करायचं काय? सामन्याला दहा माणसं लागतात आणि दहा कधी जमतच नव्हती. सख्खा भाऊसुद्धा म्हणाला, "ताई, गेम भारीच आहे गं. पण माझी सगळी टोळी तिकडे. इथे येऊन काय भिंतीशी खेळू?"

तेव्हापासून ती रोज दुपारी गुपचूप 'घार' या नावाने खेळायला बसायची. चुकून कुणी आलंच, तर त्याला मैदान ओस दिसू नये. रिकाम्या जागी कॉम्प्युटरच खेळायचा. खरा असा एकच जण होता, 'खवीस'. तीन आठवडे न चुकता यायचा. त्याच्या भरवशावर तिने भागीदाराला थोपवलं होतं, "बंद नको करूया. एक तरी टिकलाय." तोही लगेच "हो, एक आहे खरं," म्हणाला होता.

आज तिला राहवलं नाही. तिने खवीसला लिहिलं, "कोण रे बाबा तू? रोज येतोस, बरं वाटतं."

ऑफिसातल्या काचेपलीकडे भागीदार खुर्चीतून उडालाच.

"अगं, धावत ये! घार बोलली! खरंच माणूस आहे गं!"

तिला उठवेना.