तोंडवाचे साहेबांचा शेजारी

मी एक जुना प्लास्टरचा चेहरा आहे. मला डोक्याची मागची बाजू नाही, कान अर्धेच आहेत आणि उजव्या गालाचा टवका उडालेला आहे. मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही बाई कसला तरी राग गिळून बसली आहे. माझा जन्म झाला तेव्हा ते खरं नव्हतं. आता आहे.

मी जन्मलो चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात. तिथे एक बाई भिंगं घासून चकचकीत करायची. सगळे तिला भिंगवाली म्हणत. ती भलती बोलकी होती. घासायच्या चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून दिवसभर गप्पा मारायची. एकदा महागड्या भिंगांची पेटी सापडेना. तेव्हाच्या मालकांनी पोलिसांऐवजी एका गृहस्थांना बोलावलं. चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव सांगण्याचं शास्त्र आपल्याला येतं, असं हे गृहस्थ सांगत. कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं तोंडवाचे. ते नाव त्यांना जे चिकटलं ते चिकटलंच.

तोंडवाचे साहेबांची एक पद्धत होती. जिवंत चेहरा सारखा हलतो, म्हणून तो नीट वाचता येत नाही, असं त्यांचं मत. ज्याच्यावर संशय असेल त्याच्या चेहऱ्याचा ते साचा घेत आणि साच्यातून निघालेला प्लास्टरचा चेहरा वाचत. अधिकाऱ्यांना एवढा त्रास ते देत नसत. त्यांचे फोटो पुरत.

भिंगवालीला खुर्चीत ताठ बसवलं. तोंडाला तेल चोपडलं, नाकात दोन कागदी नळ्या घातल्या.

“डोळे मिटा. ओठ घट्ट मिटा, नाहीतर तोंडात जाईल. आणि अजिबात हलायचं नाही,” साहेब म्हणाले.

ओलं प्लास्टर जड असतं. त्याच्या ओझ्याने गाल खाली ओढले जातात. घट्ट होताना ते तापतं, आणि त्या उष्णतेने माणसाच्या कपाळाला आठी पडते. हे सगळं, तिच्या हनुवटीवरच्या जुन्या व्रणासकट, साच्यात उतरलं आणि साच्यातून माझ्यात आलं. साहेबांनी मला टेबलावर ठेवून निळ्या पेन्सिलीने रेघा मारल्या आणि मालकांना सांगितलं, “ओठ आत ओढलेले, म्हणजे लपवाछपवी. कपाळावर आठी, म्हणजे मनात डाव. हा चोराचा चेहरा आहे.”

“अहो, ओठ मिटायला तुम्हीच सांगितलंत ना!” भिंगवाली म्हणाली. “माझं तोंड एरवी मिटतं का कधी? विचारा की कोणालाही!”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. “चेहरा खोटं बोलत नाही, बाई,” ते म्हणाले. त्याच दिवशी तिचं काम सुटलं. पुढे ती पेटी कपाटामागच्या फटीत सापडली. पण तिला कोणी परत बोलावलं नाही, आणि मालकांनी तोंडवाचे साहेबांना ते कळवलंही नाही. कळवलं असतं तरी त्यांनी मला सोडलं असतं असं मला वाटत नाही, कारण तोवर मी त्यांच्या फार उपयोगाचा झालो होतो.

ते मला मखमलीत गुंडाळून भाषणांना नेत. दिव्याखाली धरून म्हणत, “पाहा, अप्रामाणिक चेहऱ्याचा उत्तम नमुना.” लोक टाळ्या वाजवत. माझं चित्र त्यांच्या भाषणांच्या जाहिरातींवर छापलं गेलं आणि त्या जाहिराती भिंगवालीच्या गल्लीतही लागल्या. ती दुकानात शिरली की दुकानदार तिच्या पिशवीत डोकावू लागला. शेजारणी तिच्यासमोर कपाट उघडेनात. तिने कमी बोलायला सुरुवात केली, आणि मग हळूहळू तिचा चेहरा खरंच माझ्यासारखा दिसू लागला. माझा राग तेव्हापासूनचा आहे. मला लाकडाच्या पेटीत ठेवत. तिथे राग वाढवण्याखेरीज दुसरं काम नव्हतं.

पुढे यंत्रांचे दिवस आले. साहेबांनी आम्हा सगळ्या प्लास्टरच्या चेहऱ्यांचे फोटो काढून एका कॅमेऱ्याच्या यंत्राला ‘वाईट माणसं’ म्हणून शिकवले. अधिकाऱ्यांचे हसरे फोटो ‘चांगली माणसं’ म्हणून शिकवले. हे यंत्र दारावर लावलं की आत येणाऱ्याचा चेहरा पाहून ते हिरवा किंवा लाल दिवा लावी. आमचं काम संपलं. साहेबांनी आम्हाला चित्रकलेच्या शाळेला देऊन टाकलं. तिथे मुलं माझ्या नाकाच्या सावल्या रेखाटत आणि मधल्या सुट्टीत माझ्या डोक्यावर टोप्या अडकवत.

त्या शाळेत शिल्पकला शिकवायला एक तरुण बाई आल्या. माझ्या हनुवटीवरचा व्रण दिसताच त्या जागीच थबकल्या. मला त्यांनी पदराखाली घेऊन घरी नेलं.

“आई, बघ गं, कोण सापडलं!”

भिंगवाली म्हातारी झाली होती. तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “मेल्याने जपून ठेवलंय हो,” ती म्हणाली. मग मुलीला म्हणाली, “मला दुसरं काही नको. मी चोर नव्हते, एवढं त्या माणसाने चारचौघांत म्हणावं. मरायच्या आधी.”

मुलीने चेहरे आणि चेहरे वाचणारी यंत्रं यांच्यावर एक कलाप्रदर्शन मांडायचं ठरवलं. तिने तोंडवाचे साहेबांना सन्मानाने बोलावलं, त्यांचं यंत्र मागितलं आणि वर म्हणाली, “साहेब, तुमच्या चेहऱ्याशिवाय हे प्रदर्शन पुरं कसं होणार?”

साहेब खूश होऊन साच्याला बसले. “माझं नाक नीट येऊ द्या हं,” असंही म्हणाले.

“डोळे मिटा, साहेब. ओठ घट्ट मिटा. हलायचं नाही.”

मी समोरच्या फळीवर होतो. मित्रांनो, त्यांच्या नाकातल्या नळ्यांवर तिने बोट ठेवावं, असं मला फार वाटलं. तिने ठेवलं नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी दालन भरून गेलं. भिंगांच्या कारखान्याच्या आताच्या मालकीणबाईही आल्या होत्या. त्या हेच यंत्र आपल्या फाटकावर बसवणार होत्या. साहेब स्वतः यंत्रासमोर हसत उभे राहिले. हिरवा दिवा लागला. टाळ्या झाल्या. मग मुलीने त्यांचा ताजा प्लास्टरचा चेहरा यंत्रासमोर धरला.

लाल दिवा लागला. “अविश्वासू. प्रवेश देऊ नये,” यंत्र मोठ्याने बोललं.

मागून कोणीतरी शिट्टी मारली. साहेबांचे कान लाल झाले. “चूक आहे हे! डोळे मिटलेले होते माझे! ते प्लास्टर केवढं जड असतं! आणि ओठ मिटायला तुम्हीच सांगितलंत!”

“मीही हेच सांगितलं होतं,” भिंगवाली खुर्चीतून उठत म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “आपण कोण?”

मला वाटलं, मी रागाने तडकणार.

“वर्षानुवर्षं माझं तोंड घेऊन गावभर फिरलात,” ती म्हणाली, “आणि ओळखलंत नाही?”

कोणी हसलं नाही. मालकीणबाईंनी शांतपणे विचारलं, “या यंत्राला वाईट चेहरे कुठले दाखवले होते?”

“हे प्लास्टरचे.”

“आणि चांगले?”

“अधिकाऱ्यांचे. फोटो.”

“म्हणजे याला फक्त मिटलेली तोंडं आणि हसरी तोंडं ओळखता येतात. साहेब, माझ्याकडे सकाळच्या पाळीला एकही माणूस हसत येत नाही. मीसुद्धा नाही. तुमचं यंत्र लावलं तर कारखाना बंद ठेवावा लागेल. घेऊन जा ते.”

साहेब छत्री उचलून निघाले. भिंगवाली त्यांच्या वाटेत उभी राहिली.

“काहीतरी गैरसमज झाला असावा,” ते पुटपुटले.

“गैरसमज नाही. ‘ही बाई चोर नव्हती’ असं म्हणा. आणि जमिनीकडे बघून नको, माझ्या तोंडाकडे बघून.”

त्यांनी म्हटलं. आवाज इतका बारीक होता की तिने पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा दालनातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. त्या संध्याकाळी घरी जाताना भिंगवाली इतकं बोलली, इतकं बोलली, की मुलीला मध्ये एक शब्दही टाकता आला नाही म्हणे.

आता मी त्या प्रदर्शनातच असतो. माझ्या शेजारी तोंडवाचे साहेबांचा चेहरा आहे. त्याच्याखाली काहीही लिहिलेलं नाही. तो परत मिळावा म्हणून त्यांनी दोनदा माणूस पाठवला. मुलीने दोन्ही वेळा त्या माणसाला चहा पाजून रिकाम्या हाताने परत धाडलं. शाळेची मुलं येतात आणि या चेहऱ्यासमोर हमखास थांबतात. “हा खुनी असणार.” “छे रे, दरोडेखोर आहे.” मित्रांनो, माणसाला त्याच्या चेहऱ्यावरून जोखू नये, त्याला विचारावं, त्याचं काम पाहावं, हे मला पुरतं कळतं. तरी मी ही बोलणी ऐकतो आणि मला बरं वाटतं.

परवा मात्र एक लहान मुलगी आली. तिने त्याच्या गालाला हळूच बोट लावलं आणि म्हणाली, “बिचारा. किती दुःखी आहे हा.” मी दिवसभर धुमसत होतो. नुसता चेहरा पाहून माणसाबद्दल असं काहीतरी ठरवू नये, हे त्या मुलीला कृपा करून कोणीतरी शिकवा.